जावई नावाचा तक्ता

बाबांचं सगळं आयुष्य एका खिडकीत गेलं. नाट्यगृहाच्या दारालगतची तिकीटखिडकी ती. आत एक उंच स्टूल, डोक्यावर घरघरणारा पंखा, समोर जाळी आणि जाळीत हात जाईल एवढं अर्धगोल भोक. बाहेरच्या जगाला बाबा चष्म्यापासून शर्टाच्या दुसऱ्या गुंडीपर्यंतच माहीत होते. गल्लीत सगळे त्यांना खिडकीवाले म्हणत आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. पुढे लोक फोनवरच खुर्च्या निवडायला लागले, खिडकीला आतून फळी ठोकली गेली आणि बाबा घरी आले. दुसरा कुणी असता तर बागेतल्या बाकावर बसून जगाला नावं ठेवत राहिला असता. बाबा म्हणाले, “जिनं माझी खिडकी खाल्ली, त्या बयेचं तोंड तरी एकदा बघून घेतो,” आणि सरळ विद्यापीठात जाऊन संगणकाच्या अभ्यासक्रमाला नाव घालून आले. वयाची अट नव्हती. अडवते ती लाज, आणि ती बाबांकडे औषधालाही नव्हती.

ती सगळी त्यांच्या मुलीच्या वाट्याला आली होती. गोष्ट खरं तर तिचीच आहे, आणि कुणी ती अशी चारचौघांत सांगितलेली तिला मुळीच आवडणार नाही. पण काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

लहानपणी ऐकलेलं सगळं धडाधड म्हणून दाखवायची, म्हणून घरात तिचं नाव मिठू पडलं. ही मिठू शिकली, मोठ्या परीक्षा पास झाली आणि त्याच विद्यापीठात, नेमक्या त्याच विभागात हंगामी शिक्षिका म्हणून लागली. ‘डेटाबेसची रचना आणि व्यवस्थापन’ हा विषय वर्गात विभागप्रमुख सर शिकवत आणि त्याची प्रात्यक्षिकं प्रयोगशाळेत मिठू घेई. बाबांना प्रवेश मिळाला तेव्हा तिने आनंद झाल्यासारखा चेहरा केला. पहिल्या सत्रात त्यांचा वर्ग तिच्याकडे नव्हता, म्हणून निभावलं. दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक फळ्यावर लागलं, तर बाबांचा वर्ग तिच्याच नावासमोर होता.

त्या संध्याकाळी बाबा वह्यांना कव्हरं घालत बसले होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, तिथे ना... कुणाला सांगायला नको, आपण एकमेकांचे कोण ते.”

“का गं?”

“लोक म्हणतील, मुलगी बापाला मार्क वाटते. माझी नोकरी अजून कच्ची आहे.”

बाबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि कव्हराची घडी दाबली. “बरोबर आहे तुझं. अगं, नाटकात सख्खे भाऊ एकमेकांच्या उरावर बसतात. मला तर नुसतं अनोळखी व्हायचंय. जमेल. मॅडम म्हणायचं ना तुला?”

“सगळे तसंच म्हणतात.”

“मग मीही म्हणेन. आडनावाचं काय, निम्म्या शहराचं तेच आहे. तुझ्या आईला मात्र बोलू नकोस, तिला असली नाटकं कळत नाहीत.”

सांगितलेलं कारण काही खोटं नव्हतं. नोकरी खरोखरच कच्ची होती. पण सांगितलेलं कारण खोटं नसलं म्हणून खरं कारण तेच असतं असं नाही, आणि हे मिठूला पुरतं ठाऊक होतं. तिला लाज वाटत होती. बाबा पहिल्या बाकावर बसत. अंगात नाट्यगृहाने दिलेला गडद लाल कोट, खांद्यावर अजून तिथल्या गोंड्याचे धागे. एका बोटाने टाइप करत, आणि हवं ते अक्षर सापडलं की “हं, सापडलास!” म्हणत. प्रश्न विचारताना जाळीपलीकडच्या माणसाला ऐकू जावं अशा आवाजात विचारत. पोरं हसत. त्यात वाईट काही नव्हतं, म्हाताऱ्या माणसाचं कौतुकच होतं त्यांना. एकदा मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं, “मॅडम, काकांना घरच्यांनी कंटाळून इकडे पाठवलंय वाटतं,” आणि सगळा वर्ग हसला. मिठूही हसली. बाबांनी वळून पाहिलं आणि तेही हसले. पुढे कितीतरी दिवस जेवताना तिला ते हसणं आठवे आणि घास तोंडात फिरत राही.

शिकण्यात मात्र बाबांची टाळाटाळ नव्हती. चुकत खूप, पण सोडत नसत. मिठूने पहिल्याच तासाला नियम सांगितला होता: माहितीचे तक्ते करायचे, प्रत्येक गोष्टीला तिचा एक क्रमांक द्यायचा, आणि एक माहिती एकाच ठिकाणी लिहायची. दोन ठिकाणी लिहिली की एकीकडे बदलते, दुसरीकडे तशीच राहते, आणि मग खरं कोणतं हे देवालाही सांगता येत नाही.

“म्हणजे एक खुर्ची दोघांना विकायची नाही,” बाबा म्हणाले होते. “एवढंच ना, मॅडम?”

“एवढंच,” मिठू म्हणाली आणि घाईने फळ्याकडे वळली.

सत्राच्या मध्यावर सरांनी सगळ्यांना काम दिलं. कुठलंही एक आस्थापन घ्या आणि त्याच्या डेटाबेसची रचना स्वतः करा. कुणी वाचनालय घेतलं, कुणी दवाखाना. बाबा काय घेणार हे सांगायलाच नको. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी मोठा कागद पसरला आणि चौकोन काढायला लागले: नाटकं, प्रयोग, खुर्च्या, प्रेक्षक. सगळं रेघांनी नीट जोडलेलं. आणि कागदाच्या कडेला, बाकीच्यांपासून जरा लांब, एक चौकोन. त्यात लिहिलेलं होतं ‘जावई’.

मिठूला हसू फुटलं. हा शब्द ती बोलायला लागली तेव्हापासून ऐकत होती. पाचव्या ओळीच्या टोकाच्या दोन खुर्च्या बाबा तिसरी घंटा होईपर्यंत कधीच विकत नसत. ऐनवेळी कुणी तरी हमखास उगवतं आणि त्याला नाही म्हणता येत नाही. कधी नटाचा पाहुणा, कधी खुर्ची मोडकी निघाली म्हणून तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक. असा ऐनवेळी येणारा आणि ज्याला नाही म्हणता येत नाही असा माणूस म्हणजे जावई. म्हणून त्या जावयाच्या खुर्च्या. हा शब्द ना दुसऱ्या कुठल्या नाट्यगृहात होता, ना कुठल्या पुस्तकात. बाबांच्या खिडकीच्या आत जन्मला आणि तिथून घरात आला.

“बाबा, याला वेगळा तक्ता नाही लागत,” ती म्हणाली. “खुर्च्यांच्याच तक्त्यात एक रकाना वाढवा, राखीव आहे की नाही एवढा. नाहीतर तीच खुर्ची दोन ठिकाणी लिहिली जाईल आणि एक दिवस दोघांना विकली जाईल.”

“जावयाला कधी चारचौघांत बसवतात का? वेगळी खोलीच लागते त्याला.”

“आधी जावई तरी बघा कुठे,” आई ओट्यापाशी उभी होती, तिथूनच म्हणाली. “खोलीचं मग बघू.”

मिठूने पुन्हा सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. बाबांनी हट्टाने जावयाला वेगळंच ठेवलं. तिनेही नाद सोडला. म्हणाली, जातील दोन-चार मार्क.

वर्गात एक मुलगी होती. वर्गप्रतिनिधी, नेहमी पहिली येणारी, म्हणून सगळे तिला टॉपर म्हणत. बाबांच्या शेजारी बसे, त्यांचा अडलेला संगणक चालू करून देई, काका काका करून बोले. तिने दवाखाना घेतला होता आणि त्यात तिचं डोकं चालेना. सगळे दर वेळी पहिल्या नंबराची वाट बघत असले की माणूस कधीतरी असं काही करून बसतोच. “काका, तुमचं बघू तरी,” ती म्हणाली. बाबांनी अख्खी फाइलच दिली. वर जावयाची गोष्ट रंगवून सांगितली. तिने ती फाइल थोडी सजवली, वर आपलं नाव घातलं आणि सगळ्यांच्या आधी जमा केली. बाबांचं टायपिंग एका बोटाचं, त्यांची फाइल शेवटी आली.

सरांनी प्रयोगशाळेत येऊन पडद्यावर दोन्ही रचना शेजारी शेजारी लावल्या, तेव्हा कुणालाच काही सांगावं लागलं नाही. तेच चौकोन, त्याच रेघा. आणि दोन्हीकडे कडेला तीच चूक, तोच जावई.

“चूक सारखी कशी होते, ते मला शिकवू नका,” सर म्हणाले. ते कडक होते, पण वाईट नव्हते. “एकाने केलंय आणि एकाने उचललंय. जावई म्हणजे काय ते कोण सांगतं?”

टॉपर उठली. कान लाल झाले होते, पण आवाज थरथरला नाही. “राखून ठेवलेल्या खुर्च्या, सर. ऐनवेळी येणाऱ्या माणसासाठी. गमतीने नाव दिलंय.” वर्गात खसखस पिकली. असली गंमत टॉपरलाच सुचणार, हे सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. चोर तो चोर, वर शिरजोर, असं मिठूच्या मनात आलं, पण मनातच.

सर बाबांकडे वळले. “काका, तुम्ही खरं सांगा. एवढी रचना तुमची तुम्ही केलीत? की घरी कुणी या विषयातलं आहे, करून देणारं?”

बाबांनी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात त्यांची नजर मिठूकडे गेली. मिठू भिंतीपाशी उभी होती. ती खाली वाकली आणि आधीच नीट बसलेली वायर पुन्हा नीट बसवू लागली.

“नाही सर,” बाबा म्हणाले. “घरी तसं कुणी नाही.”

पुढे काही बोललेच नाहीत. बोलले असते तर खिडकी आली असती, खिडकीमागून घर आलं असतं आणि घरामागून ती. एरवी जाळीपलीकडे ऐकू जाईल असं बोलणारा माणूस मूग गिळून उभा राहिला.

“मॅडम, तुम्ही रोज यांच्यात असता,” सर म्हणाले. “तुमचं काय मत?”

एकच वाक्य हवं होतं. हे बाबांचं आहे, मी आमच्या घरच्या टेबलावर पाहिलंय. एवढंच. मिठूने वायर सोडली, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “मी... बघून सांगते, सर.”

धरणीने पोटात घ्यावं असं माणसाला वाटतं म्हणतात. तिला तसंही वाटलं नाही. आपल्याला घ्यायला धरणीही कचरेल असं वाटलं. सर म्हणाले, ज्याने उचललं असेल त्याला या विषयाच्या परीक्षेला बसता येणार नाही, उद्या निकाल सांगतो. आणि तास संपला. टॉपर दप्तर उचलून वाऱ्यासारखी बाहेर गेली. बाबांनी आपला संगणक बंद केला, खुर्ची टेबलाखाली सारली आणि सगळ्यांच्या मागून निघाले.

घरी दोघं वेगवेगळ्या बसने येत, तसेच आले. आईने विचारलं, “आज काय झालं वर्गात?”

“आज?” बाबा चपला काढत होते. “आज तुझ्या लेकीनं काय सुरेख शिकवलं. पोरं चिडीचूप होती.”

आईने कौतुकाने मिठूकडे पाहिलं. मिठू आत गेली आणि मोरीत नळ सोडून उभी राहिली. बाबांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. दार आपटलं असतं, जेवले नसते, तरी चाललं असतं. पण ते जेवले, शर्टाला इस्त्री केली, आईशी भाजीवरून वाद घातला आणि झोपले. दोनदा ती त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि दोनदा परत आली. काय बोलणार? ‘बाबा, चुकलं’ हे म्हणायला सुद्धा आधी काय चुकलं ते म्हणावं लागतं.

सकाळी ती उठली तेव्हा बाबा निघून गेले होते. दुपारी ती सरांच्या खोलीत गेली. वाटेत दहा वेळा वाक्य जुळवलं होतं. तिने तोंड उघडायच्या आत सरच म्हणाले, “बसा मॅडम. सुटला गुंता. काका सकाळीच येऊन गेले. म्हणाले, मीच उचललं, त्या मुलीला काही करू नका. भला माणूस आहे. परीक्षेला बसू देता येणार नाही, पण बोभाटाही करायचा नाही.”

“सर, त्यांनी नाही उचललं. ती रचना त्यांची आहे.”

“त्यांनी स्वतः सांगितलं.”

“खोटं सांगितलं. जावई हा त्यांचा शब्द आहे. नाट्यगृहाच्या खिडकीत होते ते. आणि ते माझे वडील आहेत.”

सरांनी चष्मा काढला. मग जे बोलले ते नेमकं तेच होतं, ज्याच्या भीतीने बाबा सकाळी एवढ्या लवकर आले होते. “म्हणजे रचना तुम्ही करून दिलीत?”

“नाही सर! मी केली असती तर त्यात ती चूक नसती.”

“ते मला कसं कळणार?” सरांनी शिपायाला हाक मारली. “वाचनालयात लाल कोटातले काका असतील, त्यांना बोलवा.”

बाबा आले. दारातच त्यांनी मिठूला पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली. ती बोलायला गेली, तर सरांनी हात वर करून तिला थांबवलं.

“काका, एकच विचारतो. या मॅडम तुमच्या कोण?”

“शिकवतात आम्हाला.”

“ते झालं. नात्याने?”

“नात्याने कुणी नाहीत.”

“त्या तर म्हणतात, त्या तुमच्या कन्या आहेत.”

बाबा हसले. खिडकीशी भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून हसत, तसं समजुतीचं. “मॅडमचा स्वभाव फार चांगला आहे, सर. म्हातारा नापास होतोय बघून दया आली असेल. त्यांच्या नोकरीवर यातलं काही येऊ देऊ नका.” मग त्यांनी कोटाची गुंडी लावली आणि म्हणाले, “मला मुलगी नाही.”

खोलीत पंखा फिरत होता. मिठूने आजवर बाबांच्या तोंडून तिला लागेल असा शब्द ऐकला नव्हता, आणि हाही त्यांनी तिला लागावा म्हणून उच्चारला नव्हता. तिला वाचवायला उच्चारला होता. तिनेच मागून घेतलेलं वाक्य होतं ते. तिच्या तोंडावर कुणी थुंकलं असतं तरी इतकी लाज वाटली नसती.

“बाबा, पुरे,” ती म्हणाली. “मी सांगितलंय त्यांना.”

बाबांनी सरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सरांनीही दोघांची नाकं एकदा नीट बघून घेतली. एकाच साच्यातून पडलेली होती ती. “काका,” सर म्हणाले, “इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस नक्कल काय करणार? रचना तुमचीच. परीक्षेला बसा. त्या मुलीला मी बोलावून घेतो. पण हे सगळं लपवायचं काय कारण होतं?”

“चूक माझी, सर,” बाबा घाईने म्हणाले. “मीच हिला म्हटलं होतं, तिथे ओळख दाखवू नकोस म्हणून. लोक म्हणतील, बापाला मार्क देते. ही नकोच म्हणत होती.”

सरांचा चेहरा निवळला. “असं होय. कारण योग्यच आहे. तुमच्या जागी मीही हेच सांगितलं असतं.” मिठूकडे बघून ते म्हणाले, “पुढच्या वेळी असं काही असलं की आधी येऊन मला सांगत जा. या आता.”

झालं होतं. बाबांचा विषय वाचला होता, तिची नोकरी वाचली होती, आणि बाबांनी उरलीसुरली घाण सुद्धा उचलून आपल्या पदरात घेतली होती. तिने फक्त ‘हो सर’ म्हणून निघायचं होतं. बाबा दाराशी जाऊन थांबले सुद्धा होते, आधी ती बाहेर पडावी म्हणून.

“सर, ते मी म्हटलं होतं,” मिठू म्हणाली. “त्यांनी नाही. आणि मार्कांसाठी नव्हतं ते. मला त्यांची लाज वाटत होती.”

सर खाली कागदांकडे बघू लागले. मिठूने मान वळवून बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय दिसेल याची धास्ती तिने रात्रभर घेतली होती: धक्का, राग, दुखावलेपण. त्यातलं काहीच नव्हतं. बाबांनी हळूच मान हलवली. त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.